किल्ली एकाच्याच हातात का?

"आई, या वेळी हॉटेल नाही हं. गाडीतच राहायचं, गाडीतच स्वयंपाक, गाडीतच झोप," लेकीनं फोनवर सांगितलं तेव्हा मला आठवली ती एसटीच्या शेवटच्या सीटवर अवघडून काढलेली पंढरपूरची रात्र. पण प्रत्यक्षात गाडी बघितली आणि आम्ही दोघं बघतच राहिलो. २०१९ च्या ऑक्टोबरमधली ही गोष्ट. लास व्हेगासला उतरून ब्राइस कॅन्यन आणि झायन ही दोन राष्ट्रीय उद्यानं बघायची, असा बेत होता. लेक, जावई, दोन नातू आणि आम्ही दोघं. गाडी तीस फुटी, एसटीपेक्षा थोडीशीच आखूड. आत पलंग, शेगडी, फ्रीज, बेसिन, संडास-बाथरूम. तिकडे तिला मोटारहोम किंवा नुसतं आरव्ही म्हणतात.

भाड्यानं देणाऱ्या माणसानं आम्हाला पाऊण तास सगळं समजावून सांगितलं. सांडपाण्याचा पाइप कुठे जोडायचा, जनरेटर कसा चालू करायचा, गॅस कसा बंद करायचा, पलंग कसा उलगडायचा. चालवण्याबद्दल मात्र एकच वाक्य, "मोठी कारच आहे असं समजा!" मग त्यानं कागद पुढे केला. चालक म्हणून जावयांचं नाव, जावयांची सही, किल्ली जावयांच्या हातात.

माझी लेक पंधरा वर्षं कॅलिफोर्नियात रोज गाडी चालवते. तिला कुणी विचारलं नाही. तिनंही "माझं नाव घाला" म्हटलं नाही. आणि खरं सांगायचं तर माझ्याही मनात आलं नाही. तिच्या हातात मी डब्यांची पिशवी दिली आणि म्हटलं, "हे आधी फ्रीजमध्ये लाव."

या "मोठ्या कार"चं भरलेलं वजन साडेसहा टनांपर्यंत जातं. आमच्या पुण्यातल्या स्विफ्टसारख्या सातएक गाड्या एकावर एक रचल्या तर होईल तेवढं. उंची बारा फुटांच्या आसपास. मागच्या चाकांच्या मागे दहाएक फूट शेपूट. स्टिअरिंग उजवीकडे वळवलं की हे शेपूट आधी डावीकडे झेपावतं. हे आम्हाला कळलं पहिल्याच दिवशी, पेट्रोल पंपावर. जावयांनी पेट्रोल भरून गाडी उजवीकडे काढली आणि मागून 'कर्रर्र' असा आवाज आला. पंपाशेजारचा पिवळा खांब गाडीच्या अंगावर लांबलचक रेघ ओढून गेला होता. खांबाच्या जागी एखादं पोर उभं असतं तर, हा विचार मी कुणाला बोलून दाखवला नाही.

आणि चुका काय फक्त जावयांच्याच होत्या? त्याच दुपारी चालत्या गाडीत मी उठून चहा टाकला. घरात चार वाजले की टाकतेच, मग या घरात का नाही! धाकटा नातू पट्टा सोडून फ्रीजपर्यंत फेऱ्या मारत होता. ताशी शंभर किलोमीटरच्या वेगात, उकळतं आधण आणि पेटता गॅस. गाडी चालू असताना गॅस टाकीपाशीच बंद ठेवायचा असतो आणि प्रत्येकानं पट्टा लावून जागेवरच बसायचं असतं, हे मला नंतर कळलं. घर म्हटलं की आपण सैलावतो. हे घर रस्त्यावरून धावतंय, याचा विसर पडतो.

ब्राइसहून झायनला पूर्वेच्या बाजूनं जाताना १९३० साली खुला झालेला एक बोगदा लागतो, पावणेदोन किलोमीटर लांबीचा. त्याची कमान अशी, की उंच गाडी आपल्या लेनमधून गेली तर डोकं आपटेल. म्हणून आम्ही गेलो तेव्हा अशा गाड्यांकडून पंधरा डॉलर घेऊन, समोरची वाहतूक थांबवून, त्यांना मधोमध जाऊ देत. तिथे गणवेशातल्या एका तरुण मुलीनं आमच्या गाडीची उंची आणि रुंदी विचारली. संपूर्ण प्रवासात हा प्रश्न विचारणारी ती पहिलीच. जावयांना उत्तर देता आलं नाही. मग कागदपत्रं उलटीपालटी करणं आलं.

बोगदा संपला की लगेच नागमोडी उतार. जावई ब्रेकवर पाय ठेवूनच उतरत होते. दोन-तीन वळणं झाली आणि जळका वास आला. मला एकदम माझे वडील आठवले. जुन्या फियाटमधून खंबाटकी घाट उतरताना ते दरवेळी म्हणायचे, ज्या गिअरमध्ये चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचं, ब्रेकला विश्रांती द्यायची. मी मागून ओरडले, "अहो, गिअर टाका!" ते म्हणाले, "आई, ही ऑटोमॅटिक आहे!" शेवटी बाजूला जागा बघून अर्धा तास थांबलो, ब्रेक थंड होऊ दिले. त्या अर्ध्या तासात लेकीनं गाडीचं पुस्तक वाचून काढलं. गिअरच्या दांड्याच्या टोकाशी एक बटण होतं. ते दाबलं की उतारावर गाडी आपणहून खालच्या गिअरमध्ये येते आणि इंजिनच गाडीला धरून ठेवतं. पाऊण तासाच्या माहितीत पलंग होता, बटण नव्हतं.

पण मला हा लेख लिहायला लावला तो परतीच्या दिवसानं. व्हर्जिन नदीची अरुंद घळ ओलांडून आम्ही नेवाडाच्या उघड्या वाळवंटात आलो. वारा आडवा. अशा गाडीची उंच बाजू शिडासारखी वारा धरते, आणि शेजारून मोठा ट्रक गेला की गाडी आधी बाहेर ढकलली जाते, मग आत ओढली जाते. तीन तास हे सगळं सांभाळून जावयांची अर्धशिशी उठली. डोळ्यांपुढे चमकायला लागलं. कशीबशी त्यांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं.

पुढचे दोन तास आम्ही तिथे होतो. प्रत्येक ट्रकसरशी सगळं घर हलायचं. कपाटातली भांडी वाजायची. लेक चालकाच्या सीटवर जाऊन बसली, आरशात बघितलं आणि उठून परत आली. "आई, मागे काय आहे तेच मला दिसत नाहीये. आणि माझं नावसुद्धा नाही कागदावर." पंधरा वर्षं गाडी चालवणारी माझी मुलगी, नवरा आजारी, मागे दोन लहान मुलं, आणि तिला ते घर मैलभर पुढच्या सुरक्षित जागेपर्यंतही नेता येत नव्हतं. आमचे हे म्हणाले, "बायकांचं काम नाही ते." मी पहिल्यांदाच नातवांसमोर त्यांच्यावर आवाज चढवला. पॉवर स्टिअरिंगला काय दंड-बैठका लागतात?

कायदा याबाबतीत उदार आहे. कॅलिफोर्नियासारख्या राज्यातही ४० फुटांपर्यंतच्या मोटारहोमला बहुधा साधा परवाना चालतो. त्याहून लांब असेल तर वेगळा. ब्रिटननं निदान वजनाची रेघ ओढली. १ जानेवारी १९९७ पासून ज्यांनी कारची परीक्षा दिली, त्यांना साडेतीन टनांवरच्या मोटारहोमसाठी वेगळी परीक्षा द्यावी लागते. आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात 'हलकं वाहन' साडेसात हजार किलोपर्यंतचं. म्हणजे नुसत्या वजनाच्या हिशेबानं आमचं ते घरही हलकंच! महाराष्ट्र सरकारनं २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. उद्या ही घरं ताम्हिणी आणि आंबोलीत उतरतील, तेव्हा किल्ली देताना काय शिकवलं जाणार आहे, हे आत्ताच विचारायला हवं.

माझं मागणं फार नाही. किल्ली देण्याआधी रिकाम्या आवारात एक तास. पुढच्या दोन सीटवर बसणाऱ्या दोघांनाही. शेपूट कुठवर जातं ते खडूनं आखून दाखवा, उतार कसा उतरायचा ते सांगा, मागे घ्यायला लावा, उंची कागदावर लिहून काचेजवळ चिकटवा. उत्तर कॅरोलिनातल्या दरहॅमचा एक ठेंगणा रेल्वे पूल ट्रकांची छपरं सोलण्यासाठी प्रसिद्ध आहे. २०१९ मध्ये तो आठ इंच वर उचलला, तरी टकरा थांबल्या नाहीत. सुट्टीवर आलेल्या माणसाला एवढा वेळ नसतो, असं कंपन्या म्हणतील. संडासाच्या पाइपासाठी तो होता.

नंतर लेकीनं एका शिक्षकाकडे दोन दिवस शिकून घेतलं. तिकडे असे वर्ग आहेत, आणि स्वतः आरव्ही चालवणाऱ्या बायकांची 'आरव्हीइंग विमेन' ही संघटना तर १९९१ मध्येच निघाली. शिक्षकानं जावयांनाही बोलावलं, कारण गाडी मागे घेताना बाहेर उभं राहून खुणा करणाऱ्यालाही शिकावं लागतं.

दोन वर्षांपूर्वी आम्ही पुन्हा गेलो. या वेळी कागदावर दोन नावं होती. संध्याकाळी मुक्कामाच्या जागी लेक गाडी मागे घेत होती आणि जावई मागे उभे राहून हात हलवत होते. मध्येच ते आरशातून दिसेनासे झाले. तिनं गाडी थांबवली. ते ओरडले, "अगं, ये ना, भरपूर जागा आहे!" ती हलली नाही. ते चालत पुन्हा आरशात आले, तेव्हाच तिनं ब्रेकवरचा पाय उचलला.