शाह डोंगरावरची कबर कुणाची?

नगरहून पाथर्डी रस्त्याला लागले की शाह डोंगराच्या माथ्यावर एक तीन मजली, अष्टकोनी दगडी वास्तू दिसू लागते. सारा जिल्हा तिला ‘चांदबीबीचा महाल’ म्हणतो. शाळांच्या सहली येतात आणि राणी इथे राहायची, असे मुलांना सांगितले जाते.

ती इथे राहत नव्हती. हा महाल नव्हे, मकबरा आहे. तळघरात सलाबतखान दुसरा याची कबर आहे. पहिल्या मुर्तझा निजामशहाचा हा वजीर १५८९ साली वारला. चांदबीबी नगरच्या बचावाला उभी राहिली ती त्यानंतर सहा वर्षांनी.

यावर एक उत्तर ठरलेले असते: लोकांनी प्रेमाने दिलेले नाव, त्यात बिघडले काय? स्कॉटलंडमध्ये तर स्टाफा बेटावरची गुहा दंतकथेतल्या फिंगल नावाच्या वीराला देऊन टाकली आहे. निसर्गशास्त्रज्ञ जोसेफ बँक्स १७७२ साली तिथे जाऊन आला आणि ती ‘फिंगलची गुहा’ म्हणून जगभर गाजली. तिथे कुणाचीच तक्रार नाही.

तक्रार नसावीच. ती गुहा लाटांनी बसाल्टात कोरलेली. तिच्यात कुणाला पुरलेले नाही. शाह डोंगरावर मात्र एक माणूस पुरला आहे आणि त्याच्याच छपराखाली त्याचे नाव पुसले जात आहे.

आणि माणूस तरी कोणता? नगरजवळचा फराहबाग १५८३ साली पुरा झाला तो त्याच्या देखरेखीखाली. भातोडीचा तलावही त्याचाच मानला जातो. पुढे १६२४ साली याच भातोडीला मलिक अंबरने तलावाचे पाणी सोडून मोगल-आदिलशाही फौजांना चिखलात अडकवले. लढाईच्या कथेत अंबर येतो, शहाजीराजे येतात. तलाव बांधणारा कुणाला आठवत नाही.

खोट्या महालाने चांदबीबीचाही मान वाढत नाही. तिची खरी जागा भुईकोट किल्ला. १५९६ च्या सुरुवातीला मोगल शहजादा मुरादच्या सैन्याने सुरुंग लावून तटाला खिंडार पाडले, तेव्हा ती हाती तलवार घेऊन तिथे उभी राहिली आणि रातोरात तट पुन्हा उभारून घेतला. पुढे वऱ्हाड सोडावे लागले, पण त्या वेढ्यात किल्ला पडला नाही. १६०० साली तिचा अंत झाला तोही याच किल्ल्यात, आपल्याच माणसांच्या हातून.

सहली शाह डोंगरावर जरूर न्याव्यात. तिथे मुलांना सलाबतखानाचे नाव सांगावे आणि चांदबीबीची गोष्ट किल्ल्याच्या तटाशी उभे राहून सांगावी.