आरती जुनी, साज नवा. भाव कोठे राहिला?

भाद्रपद शुद्ध चतुर्थी उजाडली की माहुलीच्या पायथ्यापासून मुरबाडच्या घाटवाटांपर्यंत घरोघरी समईच्या उजेडात एकच आरती उठते. समर्थ रामदासस्वामींनी मोरगावच्या मयूरेश्वरासमोर ती रचली, अशी परंपरागत श्रद्धा आहे. सुमारे साडेतीन शतके ‘सुखकर्ता दुःखहर्ता’ मराठी कंठात नांदते आहे. परंतु विसर्जनाच्या दिवशी तीच आरती रस्त्यावर ध्वनिक्षेपकांच्या भिंतीतून निराळ्याच रूपात कानांवर आदळते. तिला ‘रीमिक्स’ म्हणतात. घरातील आजोबा कपाळाला आठी घालतात, नातू बेभान होऊन नाचतो. या दोघांत खरे कोण?

निवाडा देण्यापूर्वी एक गोष्ट मान्य केली पाहिजे. नवा साज चढविणे हे काही पाप नव्हे. आज पुष्कळ घरांत आरतीची जी चाल आपण ‘मूळ’ समजतो, ती हृदयनाथ मंगेशकरांच्या संगीत दिग्दर्शनाखाली लतादीदी व उषाताईंनी गायिलेल्या ध्वनिमुद्रिकेने रूढ केली. त्यापूर्वीही आरती होतीच आणि गावोगावच्या चालींत थोडाबहुत फरकही होता. म्हणजे काळाने या आरतीला पूर्वीही नवे वस्त्र नेसविले आहे. पण त्या वस्त्राखाली मूर्ती झाकली गेली नाही.

दुसरी गोष्ट ठेक्याची. मिनिटाला सव्वाशे ते दीडशे ठोके अखंड देत ऐकणाऱ्याचे भान हरपविणाऱ्या संगीतास पाश्चात्त्य जगात ‘ट्रान्स’ म्हणतात. त्याची एक प्रसिद्ध शाखा १९९० नंतरच्या दशकात आपल्या शेजारच्या गोव्यात, हणजुण्याच्या किनाऱ्यावर बहरली. तिचा एक अध्वर्यू, अमेरिकेत जन्मलेला गोवा गिल, २०२३ साली निवर्तला. प्राचीन सामुदायिक विधीचेच हे आधुनिक रूप आहे, अशी त्याची धारणा होती. आम्हांस यात नवल वाटत नाही. लयीने देहभान हरपणे ही आपल्याला परकी गोष्ट नाही. वारकऱ्यांचा गजर संथ लयीत सुरू होतो, टाळ-मृदंगाच्या साथीने चढत जातो आणि शिगेला पोचला की नाचणाऱ्यास स्वतःची आठवण उरत नाही. वाळलेला भोपळा आणि बांबू यांपासून घडविलेल्या तारप्याच्या सुरावर आपले वारली बांधव हातांत हात गुंफून रात्र जागवितात. तेव्हा दोष वेगाचा नाही आणि यंत्राचाही नाही.

मग उणे कोठे पडते? आमच्या मते तीन ठिकाणी.

पहिले, शब्द. या आरतीची कडवी तीन. पहिल्यात देवाचे रूप दिसते आणि अखेरीस भक्त संकटात आधार मागतो. पुष्कळ नव्या आवृत्त्यांत ध्रुपद तेवढे घोळविले जाते आणि ते मागणेच गळून पडते. मागणेच उरले नाही तर आरतीत उरले काय?

दुसरे, चढ. गजराची लय माणसांच्या श्वासाबरोबर वाढते. मृदंगवाला टाळकऱ्यांकडे पाहतो, ते दमले तर आवरतो, रंगले तर पुढे नेतो. यंत्राचा ठोका आरंभापासूनच ठरलेला. समोर कोण आहे याची त्यास जाणीव नाही.

तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे, आपला स्वतःचा आवाज. आरती ऐकण्यासाठी नसून म्हणण्यासाठी असते. बेसूर का होईना, टाळी वाजवीत ती म्हणावयाची असते. भिंतीएवढ्या कर्ण्यांपुढे शेजारी उभ्या असलेल्या भावाचा आवाजही ऐकू येत नाही. तेथे हजार जण असतात, पण गाणारा एकही नसतो. पखवाजावर वर्षानुवर्षे हात घासलेला गावचा भजनी मग मिरवणुकीच्या कडेला मुकाट उभा राहतो. आमच्या मनाला लागते ते हे.

कायद्याचीही आठवण असावी. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा घातली आहे. पाळण्यातील बाळ आणि अंथरुणास खिळलेला वृद्ध हेही त्याच गणरायाचे भक्त आहेत.

ज्यांना मिरवणुकीसाठी जोरकस ठेका हवा, त्यांनी तो अवश्य निर्माण करावा. ‘उलाढाल’ (२००८) या चित्रपटात अजय-अतुल यांनी ढोल-ताशाच्या अंगाने नवे मोरयागीत बांधले आणि ते घरोघरी पोचले. त्यासाठी त्यांना जुन्या आरतीची मोडतोड करावी लागली नाही. नवनिर्मितीचा मार्ग असा मोकळा आहे.

म्हणून मंडळांच्या तरुण कार्यकर्त्यांना आमची विनंती एवढीच: यंत्र सुरू करण्यापूर्वी उत्सवमूर्तीसमोर एकदा तिन्ही कडवी टाळ-मृदंगावर, सर्वांच्या मुखाने होऊ द्या. गावच्या भजनी मंडळाला त्या वेळी मानाने पुढे बोलवा. आणि आजोबांनी कपाळाची आठी सोडून नातवाला समासांचा अर्थ समजावून द्यावा. कारण चुकीचे शब्द आपल्याही घरांत वर्षानुवर्षे म्हटले जातात. नातवाला शब्द कळले तर मूळ कोणते आणि नक्कल कोणती, हे तो आपणहून ओळखील. नाचताना त्याचे पाय थांबणार नाहीत, थांबूही नयेत. परंतु त्याचे ओठ हलू लागतील. गणरायाला तेवढे पुष्कळ आहे.