बुरशी काढायचे किती घेता?

४०,१२० रुपये. इंदिरानगरातल्या माझ्या फ्लॅटच्या दोन भिंतींवरची बुरशी काढायला मागच्या ऑगस्टमध्ये मला हा आकडा सांगितला गेला. गळ्यात ओळखपत्र घातलेला एक तरुण आला, त्याने भिंतींचे फोटो काढले, टेप लावून मापे घेतली आणि तासाभरात मोबाईलवर पीडीएफ पाठवली. २०० चौरस फूट, दर १४० रुपये, म्हणजे २८,००० रुपये. खोल्यांत औषधी फवारा मारायचे ६,००० रुपये. वर १८ टक्के जीएसटी. हिशेबात कुठेही चूक नव्हती. खाली बारीक अक्षरात एक ओळ होती: एक वर्षाची हमी, मात्र भिंतीत पाणी शिरल्यास हमी लागू नाही.

ती ओळ मी तीन वेळा वाचली. भिंतीत पाणी शिरले नाही तर बुरशी येतेच कुठून? कोरड्या भिंतीवर ती उगवत नाही, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. म्हणजे जे कधी होणारच नाही त्याची हमी, आणि जे दर आषाढात होणार त्याला हात वर. याला उपचार म्हणायचे?

मी हे चिडून लिहितो आहे आणि त्याला कारण आहे. पश्चिमेकडच्या त्या भिंतीला लागून अम्मीचा पलंग होता. तिला दम्याचा जुना त्रास. जुलैपासून खोकला वाढला, पंप दुप्पट लागू लागला. डॉक्टरांनी औषध बदलण्याआधी एकच प्रश्न विचारला, ‘‘या झोपतात कुठे?’’ घरी येऊन पलंग सरकवला, तर मागे उशीच्या उंचीपर्यंत काळे-हिरवे ठिपके. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातल्या ओलीवर मार्गदर्शक तत्त्वे काढली. ओल आणि बुरशीच्या घरात दमा आणि श्वसनाच्या तक्रारी वाढतात, हे त्यांत स्पष्ट आहे. आम्ही मात्र तो डाग दिसू नये म्हणून पलंग तिथे लावला होता. ही चूक माझी.

दुसरी चूकही माझीच. दोन वर्षांपूर्वी हीच भिंत मी ११,००० रुपये देऊन रंगवून घेतली होती. पेंटरने पोपडे खरवडले, पुट्टी भरली, वर महागडा रंग मारला. दिवाळीत पाहुण्यांनी भिंतीचे कौतुक केले. पुढच्या पावसाळ्यात रंगाला फोड आले आणि फोडांतून बुरशी परत आली. पेंटरला दोष देता येत नाही. रंग मारायला सांगितले, त्याने रंग मारला. पाणी शोध असे मी त्याला सांगितलेच नव्हते.

आपल्याकडे ओलीचा सगळा बाजार या एका गोष्टीवर चालतो. दिसते ते झाकायला आपण पैसे देतो, दिसत नाही ते शोधायला देत नाही. दुतोंड्या मारुतीच्या कमरेला गंगेचे पाणी लागले की शहरभर बातमी होते. बीमच्या खालच्या फटीतून थेंब थेंब आत येणाऱ्या पाण्याची बातमी होत नाही. त्याचे फक्त बिल येते, तेही दरवर्षी.

आता पाणी कसे शोधायचे ते सांगतो, कारण पीडीएफमध्ये ते नव्हते. पाऊस लागला की ओल वाढते आणि उघडीप मिळाली की कमी होते, तर पाणी बाहेरच्या भिंतीतून किंवा गच्चीतून येते. ओल बारा महिने सारखीच, तर बाथरूम किंवा पाइप. सगळे नळ बंद करूनही मीटरचा काटा हलत असेल तर पाइपच. तळमजल्यावर जमिनीपासून कमरेपर्यंतच ओल असेल तर ती पायातून वर चढते आहे. भिंतीवर पांढरे दिसले तर लगेच बुरशी म्हणू नका, त्यावर पाण्याचा थेंब टाका. विरघळले तर तो विटा-सिमेंटमधला क्षार आहे. शंका राहिलीच तर प्लास्टिकचा हातभर तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला लावा आणि दोन दिवस थांबा. प्लास्टिकच्या मागे, भिंतीच्या बाजूला पाणी धरले तर ओल भिंतीच्या आतून येते. खोलीच्या बाजूला धरले तर ती खोलीतल्या हवेतली वाफ आहे. मग खिडक्या उघडा आणि ओले कपडे घरात वाळवणे थांबवा. या सगळ्याला वीस रुपयेसुद्धा लागत नाहीत.

आमच्या भिंतीत पाणी कुठून येत होते, हे वडाळा गावातल्या एका वयस्क मिस्त्रींनी दहा मिनिटांत सांगितले. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर उभे राहून त्यांनी आमची भिंत पाहिली. ‘‘बेटा, बीम आणि वीट जिथे मिळते तिथे जाळी मारलीच नाही. सरळ चीर गेली आहे.’’ काँक्रीट आणि वीट ऊन-पावसात वेगवेगळी हलतात, म्हणून त्या सांध्यावर प्लास्टरखाली जाळी ठोकायची असते. बांधताना किरकोळ खर्चाची ती जाळी कुणीतरी वाचवली आणि पश्चिमेचा झोडपणारा पाऊस पंधरा वर्षे माझ्या घरात आला.

नोव्हेंबरात भिंत सुकल्यावर झुला बांधून दोन माणसांनी दोन दिवस काम केले. चीर खोदली, पॉलिमरच्या मसाल्याने भरली, जाळी मारून वर प्लास्टर केले. ७,५०० रुपये. आत महिनाभर भिंत उघडी ठेवली, मग खरवडून रंग दिला, ९,००० रुपये. एकूण १६,५००. हा दर सगळ्यांना लागू होईल असे मी म्हणत नाही. मजला उंच असेल, गच्ची उखडावी लागली, बाथरूमच्या फरश्या काढाव्या लागल्या, तर खर्च कितीतरी वाढेल. पण तो खर्च पाणी अडवण्याचा असेल.

कंपन्यांची बाजूही ऐकली पाहिजे. यंत्रे, रसायने, मास्क, प्रशिक्षित माणसे यांना पैसे लागतातच. पुराचे पाणी घरात शिरले, छतभर बुरशी पसरली, घरात आजारी माणूस आहे, तर जाणकाराला बोलवावे आणि योग्य मोबदला द्यावा. अमेरिकेची पर्यावरण संस्थासुद्धा साधारण दहा चौरस फुटांपर्यंतची बुरशी घरच्याघरी साफ करता येते, असे सांगते. त्यापुढे जाणकार हवा. पण तीच संस्था हेही सांगते, की आधी पाणी थांबवा. आपल्या बाजाराने यातला पहिला भाग उचलला आणि दुसरा बारीक अक्षरात टाकला.

आणि हा खर्च मुळात कुणाचा? रेरा कायद्याच्या कलम १४ प्रमाणे ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष दाखवून दिला तर बिल्डरने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा आहे. त्या पाच वर्षांत आपण रंग मारून दोष झाकतो आणि सहाव्या वर्षी रडतो. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार बाहेरच्या भिंती, गच्ची आणि पावसाची गळती ही सोसायटीची जबाबदारी आहे. फ्लॅटच्या आतल्या संडास-सिंकची गळती सभासदाची. आमच्या बैठकीत मी हे मांडले तेव्हा उत्तर मिळाले, ‘‘तुमच्याच घराला का ओल येते?’’ अम्मीचा खोकला बैठकीच्या तारखेपर्यंत थांबणार नव्हता, म्हणून पैसे मी भरले. लेखी अर्जाची पोच मात्र जपून ठेवली आहे आणि ७,५०० रुपये मागणे सोडलेले नाही.

मला तरी मागता येतात, कारण घर माझ्या नावावर आहे. भाडेकरूने ओल दाखवली की त्याला ऐकवतात, खिडक्या उघडत जा. आडनाव ऐकून दहा ठिकाणी नकार मिळाल्यावर अकराव्या ठिकाणी ज्याला खोली मिळते, तो तेवढेही बोलत नाही. तो मुलांचा बिछाना भिंतीपासून हातभर लांब सरकवतो आणि गप्प राहतो. ओलीची सर्वांत मोठी किंमत तो भरतो, आणि ती कुठल्याच पीडीएफमध्ये येत नाही.

तेव्हा, बुरशी काढायचे किती घेता, हा प्रश्न विचारूच नका. दारात येणाऱ्याला विचारा, पाणी कुठून येते ते सांगाल का, आणि ते थांबवल्याची हमी लिहून द्याल का? जो हो म्हणेल त्याच्याशी दराचे बोला. जो टेप काढून चौरस फूट मोजू लागेल त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.