चावी नसलेलं लॉक

रील्स बघताना मध्येच एखादी जुनी निस्सान सिल्व्हिया येते, आडवी होऊन पांढरा धूर सोडत वळण घेते आणि आपला अंगठा तिथंच थांबतो. मग पुढचा प्रश्न ठरलेला : हे आपल्याला स्वस्तात कसं जमेल? त्याचं उत्तरही ठरलेलं आहे. डिफ वेल्ड कर! महागडा पार्ट मागवायला नको. मागचा डिफरन्शियल उघडायचा, आतले गिअर एकमेकांना वेल्ड करायचे, नवं ऑइल भरायचं, झालं काम. हे उत्तर खोटं नाही, पण अर्धं आहे. उरलेलं अर्धं समजून न घेता कुणी गॅरेजची पायरी चढू नये, म्हणून आज हा विषय.

आधी डिफरन्शियल करतो काय, ते बघू. गाडी वळते तेव्हा बाहेरचं चाक मोठ्या वर्तुळावरून जातं आणि आतलं लहान. माझदा एमएक्स-५ सारख्या छोट्या स्पोर्ट्स कारच्या दोन चाकांत साधारण १.४ मीटर अंतर असतं. काटकोनात एक वळण घेतलं की बाहेरचं चाक आतल्यापेक्षा सुमारे २.२ मीटर जास्त धावतं, म्हणजे जवळजवळ सव्वा फेरा जास्त. गंमत म्हणजे वळण मोठं असो की लहान, हा फरक तेवढाच राहतो. दोन्ही चाकांना वेगवेगळं फिरू देणारी, तरीही दोघांना इंजिनची ताकद पोहोचवणारी गिअरची जोडणी म्हणजे डिफरन्शियल. तो आहे म्हणून तुमची गाडी सोसायटीच्या गेटमधून कुरकुर न करता आत वळते.

पण ड्रिफ्ट करणाऱ्याला हाच सज्जनपणा नडतो. साधा, म्हणजे ‘ओपन’ डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देतो. वळणात गाडीचं वजन बाहेर झुकतं, आतलं चाक हलकं होतं, त्याची पकड सुटते आणि ते नुसतंच गरागरा फिरतं. ते जेवढा जोर पेलू शकतं तेवढाच दुसऱ्यालाही मिळतो. एकाच चाकाचा धूर निघतो आणि गाडी सरळ होते. ड्रिफ्ट टिकवायचा तर मागची दोन्ही चाकं एकदम घसरायला हवीत.

त्यासाठी लिमिटेड स्लिप डिफरन्शियल असतो. कुणात क्लच प्लेट, कुणात खास आकाराचे गिअर. माझदाने १९९४ पासून १.८ लिटरच्या एमएक्स-५ मध्ये टॉर्सन प्रकारचा असा डिफ द्यायला सुरुवात केली. वस्तू उत्तम, पण विद्यार्थ्याच्या खिशाला न परवडणारी. मग ज्यांच्याकडे पैसा नव्हता, त्यांनी वेल्डिंग मशीन काढलं.

इथं नाक मुरडण्याचं कारण नाही. ड्रिफ्टिंग हा खेळ घडला तो जपानमध्ये. १९७० च्या दशकात कुनिमित्सु ताकाहाशी हा रेसर वळणात गाडी घसरवत नेण्याबद्दल ओळखला जायचा. त्याच्याकडे बघत घाटरस्त्यांवर शिकलेला केइची त्सुचिया पुढे ‘ड्रिफ्ट किंग’ झाला. त्याची ओळख बनलेली टोयोटा एई-८६ ही काही श्रीमंतांची गाडी नव्हती. मागच्या चाकांवर चालणारी साधी कोरोला होती ती. जुनी गाडी, झिजलेले टायर आणि घरच्या घरी केलेले बदल यांवर हा खेळ पोसला. मोटरस्पोर्टसारख्या पैसेवाल्यांच्या दुनियेत वेल्ड केलेल्या डिफने खूप जणांना दार उघडून दिलं. शिवाय तो काम चोख करतो. दोन्ही चाकं कायम एकत्र फिरणार, त्यामुळे गाडी कशी वागेल याचा अंदाज पक्का. मोठ्या स्पर्धांतल्या कित्येक गाड्यांतही मागची चाकं पूर्ण लॉकच असतात, फक्त तिथं वेल्डऐवजी ‘स्पूल’ नावाचा तयार पार्ट बसवतात.

मग अडचण कुठं आहे? ती कळायला जपानला जायची गरज नाही, गावाकडे शेतात जा. ट्रॅक्टरला डिफरन्शियल लॉकचं पेडल असतं. चिखलात एक चाक नुसतं फिरायला लागलं की शेतकरी ते पेडल दाबतो, दोन्ही चाकं एकत्र फिरतात आणि ट्रॅक्टर बाहेर निघतो. पण वळायच्या आधी तो पेडलवरून पाय काढतो. लॉक लावून वळायचं नसतं, हे त्याला कुणी पुस्तकातून शिकवावं लागत नाही. लॉक केव्हा लावायचं यापेक्षा केव्हा सोडायचं, हे त्याला जास्त नीट माहीत असतं.

वेल्ड केलेला डिफ म्हणजे सतत दाबून धरलेलं तेच पेडल. त्यावरून पाय काढताच येत नाही.

त्याचा हिशोब रोज चुकता करावा लागतो. मघाचा तो सव्वा फेऱ्याचा फरक आता डिफ सांभाळत नाही, टायर रस्त्यावर घासून सांभाळतात. पार्किंगमध्ये वळताना मागचे टायर किंचाळतात, झिजतात. हळू वेगात गाडी वळायच्या ऐवजी सरळ जायला बघते. एक्सलवर सतत पीळ बसतो. आणि पावसात? मागची दोन्ही चाकं एकदम पकड सोडू शकतात, सावरायला क्षणभरही न देता. वेल्ड कच्चं असेल तर आणखी वाईट. डिफमधले गिअर कठीण केलेल्या स्टीलचे असतात आणि वर्षानुवर्षं तेलात मुरलेले. ते नीट साफ न करता, आधी न तापवता, वेल्डनंतर घाईने थंड केले तर तडे जातात. तुटलेला तुकडा क्राउन-पिनियनमध्ये अडकला, तर धावत्या गाडीची मागची चाकं जाम होऊ शकतात. गेटची ग्रिल जोडणं आणि हे काम एक नव्हे.

म्हणून आमचं म्हणणं सरळ आहे. डिफ वेल्ड करणं म्हणजे ‘मॉडिफिकेशन’ नव्हे, तो गाडीचा रस्त्यावरून राजीनामा आहे. ट्रेलरवर लादून ट्रॅकवर न्यायच्या गाडीसाठी हा हुशार आणि प्रामाणिक उपाय आहे. ज्या गाडीतून तुम्ही सोमवारी कॉलेजला येणार आहात, मित्राच्या आईला स्टेशनवर सोडणार आहात, त्या गाडीसाठी नाही.

आपल्याकडे तर गोष्ट आणखी वेगळी. स्विफ्ट, आय-२०, अल्ट्रोझ या गाड्यांत ताकद पुढच्या चाकांना जाते. तिथं डिफ लॉक करून रीलमधला ड्रिफ्ट मिळत नाही, स्टिअरिंग मात्र हातात राहत नाही. मागच्या चाकांवर चालणाऱ्या म्हणाल तर ईको, बोलेरो. उंच गाड्या, आडव्या घसरल्या की उलटायला वेळ लागत नाही. आणि कायद्याचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली धोकादायक ड्रायव्हिंगला पहिल्याच वेळी सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. पण खरी भीती दंडाची नाहीच. बायपासवर समोरून दूध घेऊन येणाऱ्या माणसाला तुमचा डिफ वेल्ड केलाय हे माहीत नसतं.

मग हौस मारायची का? मुळीच नाही. लॉक केलेली मागची चाकं कशी वागतात ते अनुभवायचंय? गो-कार्ट चालवा. कार्टला डिफरन्शियल नसतोच, मागचा एक्सल सलग असतो. म्हणून ती वळवताना हात भरून येतात आणि म्हणूनच आतलं मागचं चाक किंचित उचललं गेलं की ती झपकन वळते. इंजिनिअरिंगला असाल तर कॉलेजच्या फॉर्म्युला स्टुडंट किंवा बाहाच्या टीममध्ये घुसा. डिफ ठेवायचा की काढायचा यावर तिथं रात्र रात्र वाद होतात.

आणि एक मागणी मोठ्यांकडे. पोरं रस्त्यावर स्टंट करतात अशी तक्रार दरवर्षी होते, चलानही फाडली जातात. पण शहराबाहेर एखादं मोकळं डांबरी मैदान, महिन्यातून एक रविवार, हेल्मेट, अॅम्ब्युलन्स, देखरेखीला माणूस आणि परवडणारी फी, एवढी सोय किती शहरांनी केली आहे? जपानमध्येही घाटातला हा खेळ सर्किटवर आला तेव्हाच तो खेळ म्हणून मोठा झाला.

तोवर तुमच्यासाठी एकच कसोटी. वेल्डरला गाडी दाखवण्याआधी स्वतःला विचारा : ही गाडी यापुढे कधीच रस्त्यावर न्यायची नाही, हे मला मान्य आहे का? उत्तर ‘हो’ असेल तर बिनधास्त करा. ‘बघू’ असेल, तर वेल्डिंगचे पैसे कार्टिंगवर उडवा.