जाणारा प्रशिक्षक, राहणारा संघ

जर्मनीतील लेव्हरकुसेन या औद्योगिक नगरीत २०२४ च्या पहिल्या तीन महिन्यांत एकच प्रश्न चघळला जात होता. तेथील बायर लेव्हरकुसेन हा फुटबॉल संघ राष्ट्रीय साखळी स्पर्धेत सर्वांच्या पुढे होता, त्या मोसमात तो एकही सामना हरलेला नव्हता, आणि तरीही त्याच्या पाठीराख्यांच्या जिवाला घोर लागला होता. संघ जिंकेल की नाही, ही त्यांची विवंचना नव्हती. ज्याने संघाला जिंकावयास शिकविले तो प्रशिक्षक टिकेल की नाही, ही होती. अपयशी प्रशिक्षकाला केव्हा काढणार, ही चर्चा प्रत्येक गावात चालते आणि तीत त्वेष असला तरी गुंतागुंत नसते. यशस्वी प्रशिक्षक स्वतः होऊन जाईल काय, ही चर्चा मात्र निराळ्या जातीची आहे. तेथे यश हेच भयाचे कारण झालेले असते.

शाबी अलोन्सो यांनी ऑक्टोबर २०२२ मध्ये सूत्रे हाती घेतली तेव्हा अठरा संघांच्या गुणतक्त्यात लेव्हरकुसेन सतराव्या स्थानी होता. बायर कंपनीच्या कामगारांनी १९०४ मध्ये स्थापन केलेल्या या संस्थेला राष्ट्रीय साखळी एकदाही जिंकता आली नव्हती. २००२ मध्ये तर तिने साखळी, राष्ट्रीय चषक आणि युरोपीय चषक या तिन्ही ठिकाणी दुसऱ्या क्रमांकावर समाधान मानले, आणि ‘कायमचे उपविजेते’ ही हेटाळणी तिला चिकटली ती चिकटलीच. अलोन्सो यांनी तो कलंक पुसला. १४ एप्रिल २०२४ रोजी वेर्डर ब्रेमेनचा ५-० असा पराभव करून संघ विजेता ठरला. २८ विजय, ६ बरोबरी, पराभव एकही नाही, असा त्याचा त्या साखळीतील हिशेब होता. बायर्न म्युनिकची सलग अकरा वर्षांची सद्दी तेथे संपली. पाठोपाठ राष्ट्रीय चषकही आला.

परंतु विजयाच्या आधीच शंकेने घर केले होते. २६ जानेवारी २०२४ रोजी युर्गेन क्लॉप यांनी मोसमाअखेर लिव्हरपूल सोडण्याची घोषणा केली. फेब्रुवारीत बायर्न म्युनिकने टुखेल यांना निरोप देण्याचे ठरविले. अलोन्सो खेळाडू म्हणून या दोन्ही संघांत नावाजलेले. त्यामुळे दोन मोठ्या घरांची आमंत्रणे एकाच वेळी दारात उभी आहेत, असे लेव्हरकुसेनकरांस दिसले. २९ मार्चला अलोन्सो यांनी आपण राहणार असल्याचे जाहीर केले आणि शहराने सुटकेचा निःश्वास टाकला. तो निःश्वास एक वर्ष पुरला. २०२५ च्या मे महिन्यात त्यांनी जाण्याचे जाहीर केले आणि ते रेआल माद्रिद या आपल्या आणखी एका जुन्या संघाकडे गेले. त्यांचा करार २०२६ पर्यंतचा होता. ‘ते जाणार नाहीत’ म्हणणारे आणि ‘ते जाणारच’ म्हणणारे, असे दोन्ही पक्ष खरे ठरले. फरक पडला तो फक्त एका वर्षाचा.

अशा वादात पहिला शब्द उच्चारला जातो तो निष्ठेचा. ज्या संस्थेने संधी दिली तिला यशाच्या शिखरावर सोडून जाणे कृतघ्नपणाचे नव्हे काय, असा प्रश्न येतो. प्रश्न भावनेला धरून आहे. न्यायाला धरून आहे असे म्हणवत नाही. सहा सामने हरताच प्रशिक्षकाच्या हाती नारळ देणाऱ्या संस्थेला कोणी कृतघ्न म्हणत नाही, तो व्यवहार समजला जातो. तोच व्यवहार प्रशिक्षकाने केला की त्याला द्रोहाचा वास येतो. करार दोन्ही बाजूंना बांधतो असे कागदावर असते. प्रत्यक्षात तो बांधून ठेवत नाही, बांधन तोडण्याची किंमत तेवढी ठरवितो. हे ठाऊक असूनही पाठीराखा निष्ठेची भाषा बोलतो, याचे कारण त्याच्यापाशी दुसरे चलनच नसते. प्रशिक्षक नवा संघ शोधू शकतो, खेळाडूला नवा मालक मिळतो, मालक आपला हिस्सा विकू शकतो. या सर्व व्यवहारात आपली जागा न बदलणारा एकटा पाठीराखाच. ज्याला स्वतःला जाता येत नाही, त्याला जाणाऱ्याचा राग येणे मानवी स्वभावाला सोडून नाही.

दुसरी अडचण मौनाची आहे. लोक म्हणतात, राहायचे की जायचे ते त्याने एकदा स्पष्ट सांगून टाकावे. सांगण्याचे परिणाम काय होतात, हे मँचेस्टर युनायटेडच्या ॲलेक्स फर्ग्युसन यांनी अनुभवले. २००१-०२ च्या मोसमाअखेर निवृत्त होण्याचे त्यांनी आधीच जाहीर केले. संघाची पकड सैल झाली, आणि फेब्रुवारी २००२ मध्ये त्यांनी निर्णय फिरविला. ती घोषणा ही चूक होती, हे पुढे त्यांनी स्वतःच मान्य केले. क्लॉप यांच्या घोषणेनंतर लिव्हरपूलने एक चषक जिंकला खरा. परंतु साखळीत तो अखेर तिसरा आला. जाणार म्हणून ठरलेल्या अधिकाऱ्याचा शब्द कचेरीत कसा हलका होतो, हे कोणत्याही कारकुनाला सांगावयास नको. म्हणून यशस्वी प्रशिक्षक मौन पाळतो, आणि त्या मौनावर वदंतांचे पीक येते. तो काल कोणाशी बोलला, हसला की नाही, ‘पुढच्या वर्षी’ हे शब्द त्याने उच्चारले की टाळले, याचा कीस काढला जातो. या चर्चेला अंत नसतो, कारण तिला पुरावाही नसतो.

इतिहास मात्र पुरावा देतो, आणि तो एकाच दिशेचा नाही. बिल शँक्ली यांनी १९५९ च्या अखेरीस दुसऱ्या श्रेणीतील लिव्हरपूल हाती घेतला आणि त्याला इंग्लंडच्या अग्रभागी आणून बसविले. जुलै १९७४ मध्ये, चषक जिंकून अवघे काही आठवडे झाले असताना, त्यांनी राजीनामा दिला तेव्हा शहराचा त्यावर विश्वास बसेना. त्यांच्या जागी आले ते त्यांचेच सहायक बॉब पेस्ली. बोलण्यात संकोची, मिरविण्याची हौस नसलेला हा गृहस्थ. त्यांनी नऊ मोसमांत सहा वेळा साखळी आणि तीन वेळा युरोपीय चषक जिंकला. शँक्ली यांनी मागे केवळ कीर्ती ठेवली नव्हती, शिकून तयार झालेली माणसे आणि कामाची घडी ठेवली होती. दुःख झाले असेल तर ते शँक्ली यांनाच. निवृत्तीचा निर्णय त्यांना पुढे सलत राहिला, आणि ज्या मैदानावर त्यांचे राज्य होते तेथे त्यांची उपस्थिती अवघड वाटू लागली.

डर्बीची कथा याहून कडू आहे. ब्रायन क्लफ यांनी १९७२ मध्ये या मध्यम वकुबाच्या संघाला इंग्लंडचे विजेतेपद मिळवून दिले, आणि ऑक्टोबर १९७३ मध्ये संचालकांशी बिनसल्यामुळे ते सहकारी पीटर टेलर यांच्यासह पायउतार झाले. पाठीराखे रस्त्यावर आले, खेळाडूंनी बंडाची भाषा केली. संचालक मात्र हलले नाहीत. डेव्ह मॅके यांच्या हाताखाली डर्बीने १९७५ मध्ये पुन्हा साखळी जिंकली, हे विसरता कामा नये. पण क्लफ शेजारच्या नॉटिंगहॅम फॉरेस्टकडे गेले आणि त्या संघाने १९७९ व १९८० असे लागोपाठ दोनदा युरोपीय विजेतेपद मिळविले. जे आपल्याकडे घडू शकले असते ते पंधरा मैलांवर घडताना पाहणे डर्बीकरांच्या नशिबी आले.

तिसरे उदाहरण पुन्हा फर्ग्युसन यांचे. सव्वीस वर्षांत तेरा साखळी विजेतेपदे मिळवून ते २०१३ मध्ये गेले. त्यांच्या पसंतीने आलेले डेव्हिड मॉइस सहा वर्षांचा करार घेऊन आले आणि दहा महिन्यांत गेले. पुढील दहा मोसमांत मँचेस्टर युनायटेडला साखळी एकदाही जिंकता आली नाही. म्हणजे लिव्हरपूलमध्ये संस्था व्यक्तीहून मोठी निघाली, मँचेस्टरमध्ये व्यक्ती संस्थेएवढीच झाली होती. क्लॉप यांच्यानंतर लिव्हरपूलने जुना धडा पुन्हा गिरविला: नवे प्रशिक्षक आर्ने स्लॉट यांनी पहिल्याच मोसमात, २०२५ मध्ये, साखळी जिंकली.

लेव्हरकुसेनच्या वाट्याला मधली स्थिती आली. अलोन्सो गेले त्याच उन्हाळ्यात व्हिर्ट्झ व फ्रिम्पाँग लिव्हरपूलकडे, टाह बायर्नकडे आणि झाका संडरलंडकडे गेले. नवे प्रशिक्षक एरिक टेन हाग यांना साखळीतील दोनच सामन्यांनंतर, १ सप्टेंबर २०२५ रोजी, दूर करण्यात आले. प्रशिक्षक एकटा जात नाही, त्याच्या जाण्याने इतरांनाही जाण्याचे धैर्य येते, हा यातला धडा. आणि जाणाऱ्याचे तरी काय झाले? जानेवारी २०२६ मध्ये रेआल माद्रिद आणि अलोन्सो यांची फारकत झाली. ज्या घरी त्यांना लोक जाऊ देत नव्हते तेथून निघून, आठ महिनेही ठेवून न घेणाऱ्या घरी ते गेले होते. त्यांच्या निर्णयाला यामुळे चूक म्हणता येणार नाही. मात्र मोठे घर आणि सुरक्षित घर एकच नव्हे, एवढे यातून दिसते.

मग पाठीराख्यांच्या हाती काही असते काय? प्रशिक्षक राहावा म्हणून घोषणा देणे, फलक उभारणे यापलीकडे काही नसते. परंतु जर्मनीतच, अलोन्सो यांच्या भवितव्याची चर्चा ऐन रंगात असताना, पाठीराख्यांनी वेगळ्या प्रश्नावर आपले बळ दाखविले. साखळीच्या प्रक्षेपण हक्कांतील हिस्सा बाहेरच्या गुंतवणूकदारास सुमारे १०० कोटी युरोंना देण्याचा बेत होता. गावोगावच्या प्रेक्षकांनी मैदानांत टेनिसचे चेंडू फेकून सामने रोखून धरले आणि २१ फेब्रुवारी २०२४ रोजी साखळीच्या चालकांना तो बेत सोडावा लागला. तेथे १९९८ पासून संघांच्या मतांचे बहुमत सभासदांकडे राहील असा नियम आहे. कंपनीच्या छायेतील लेव्हरकुसेन हा त्याला जुना अपवाद, ही गोष्ट निराळी. पण नियमाने घडविलेली सवय देशभर रुजली आहे. व्यक्तीला थांबविणे प्रेक्षकाच्या हाती नाही. संस्थेला वळण लावणे काही अंशी आहे. दुर्दैव असे की त्याचा बहुतेक आवाज पहिल्या कामी खर्च होतो.

गोवा आणि मुंबईच्या फुटबॉलरसिकांना हा सर्व प्रकार परका वाटू नये. एफसी गोवाला आक्रमक खेळाचे वळण लावणारे सर्जिओ लोबेरा यांना जानेवारी २०२० च्या अखेरीस, संघ अग्रस्थानी असताना, दूर करण्यात आले. गोमंतकीय क्लिफर्ड मिरांडा यांच्या हाताखाली संघाने साखळीची ढाल जिंकली, म्हणजे घडी मोडली नव्हती. पण त्याच वर्षी लोबेरा मुंबई सिटीत आले; जाहूह, बूमूस, फॉल आणि मंदार राव देसाई हे गोव्याचे खेळाडूही मुंबईकर झाले. मार्च २०२१ मध्ये गोव्याच्याच भूमीवर, साथीमुळे रिकाम्या राहिलेल्या मैदानांत, मुंबईने उपांत्य फेरीत एफसी गोवाला पेनल्टींवर हरविले आणि पुढे ढाल व चषक दोन्ही पटकावले. डर्बीकरांचे दुःख मडगावला पोहोचले ते असे. मुंबईलाही लोबेरा फार काळ लाभले नाहीत. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ते गेले. त्यांच्या जागी आलेले डेस बकिंगहॅम यांनी २०२३ मध्ये ढाल जिंकून दिली आणि नोव्हेंबरात आपल्या जन्मगावचा ऑक्सफर्ड युनायटेड हा संघ पत्करला. मोसमाच्या मध्यावर झालेला हा बदल पेलून पेत्र क्रात्की यांच्या मार्गदर्शनाखाली मुंबईने मे २०२४ मध्ये कोलकात्यात मोहन बागानला ३-१ असे नमवून चषक उचलला. जाणारा गेला आणि संघ उभा राहिला.

ज्या प्रांतात एका मुख्याध्यापकाच्या नावावर शाळा ओळखली जाते आणि एका अध्यक्षाच्या छायेत सहकारी संस्था वाढते, त्या प्रांताला या चर्चेतील मर्म सांगण्याची फारशी गरज नाही. ‘ते गेल्यावर काय?’ हा प्रश्न येथे दबल्या आवाजात विचारला जातो, आणि बहुधा उशिरा विचारला जातो. कर्तबगार माणूस राहील की जाईल, याचा अंदाज बांधण्यात वेळ घालविणे मनोरंजक असेल, उपयोगाचे नाही. तो असतानाच तपासावयाचे प्रश्न वेगळे आहेत. त्याच्या हाताखाली कोणी पेस्ली तयार होत आहे काय? त्याची पद्धत इतरांना उमगली आहे, की ती त्याच्या डोक्यातच आहे? त्याच्याबरोबर आणखी किती जण निघतील? आणि त्याला निवडणारे निवडीत पुन्हा चूक करणार नाहीत, याची हमी कोणापाशी आहे? या प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील तर निरोपसमारंभ मोकळ्या मनाने करता येतो. ती तशी नसतील तर त्या माणसाने आणखी एक वर्ष राहण्याचे कबूल केल्याने फक्त प्रश्न एक वर्ष पुढे ढकलला जातो. लेव्हरकुसेनने २०२४ च्या मार्च महिन्यात जे साजरे केले, ते याहून अधिक काही नव्हते.