पाण्याचें वंगण

शिडाच्या जुन्या नौकेंत पंख्याचा दांडा जेथें पाण्यांत बाहेर पडतो, तेथें बहुधा खोबणीदार रबरी बुश असतो. त्याला तेल नव्हे, पाणीच वंगण. गांवीं शेती असलेल्या सातारा-सांगलीकडील कुटुंबांना याचें नवल वाटूं नये. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९१० सालीं वसविलेल्या किर्लोस्करवाडीची ख्याति पंपांची. आणि खोल विहिरीवरील कित्येक पंपांत दांड्याचे बुश असेच पाण्यावर चालतात. म्हणून विहीर आटली असतां पंप कोरडा चालवूं नये. बुश झिजल्यास नवा बसविण्यापूर्वीं दांड्यावर चर पडले आहेत काय, तो इंजिनाशीं सरळ रेषेंत आहे काय, हें पाहावें. एरवीं नवा बुशहि लवकरच झिजतो, आणि ऐन पाण्याच्या पाळीला उभें पीक वाळतें.