नाकारलेल्या गाण्याला दुसरी संधी

अमेरिकेतील नॅशव्हिल येथे एका क्लबच्या स्वयंपाकघरात काम करून तेथेच गाणाऱ्या रँडी ट्रॅव्हिस यांना ध्वनिमुद्रण कंपन्यांनी ‘फारच गावरान’ म्हणून नाकारले होते. वॉर्नर ब्रदर्सने १९८५ मध्ये काढलेले त्यांचे ‘ऑन द अदर हँड’ हे गाणे कंट्री संगीताच्या यादीत ६७व्या क्रमांकावर अडकले. पुढचे ‘१९८२’ हे गाणे पहिल्या दहांत गेल्यावर कंपनीने पहिले गाणे पुन्हा बाजारात आणले आणि १९८६ मध्ये ते अग्रस्थानी पोहोचले. गाण्यात खोट नव्हतीच. चुकला होता तो कंपन्यांचा अदमास. त्याच वर्षीचा ‘स्टॉर्म्स ऑफ लाइफ’ हा अल्बम अमेरिकेत ३० लाखांच्या खपापर्यंत गेला. २०१३ मधील पक्षाघाताने ट्रॅव्हिस यांचे गाणे थांबले. २०२४ मध्ये त्यांच्या संमतीने, जुन्या ध्वनिमुद्रणांवरून कृत्रिम बुद्धिमत्तेने घडवलेल्या त्याच ‘गावरान’ आवाजात नवे गाणे प्रसिद्ध झाले.